‘द मॅजिक स्कूल बस’ दाखवताना शेवट वगळू नये
आपण मुलांना ‘द मॅजिक स्कूल बस’ ही जादुई शाळा-बसमधून विज्ञानाची सफर घडवणारी कार्टून मालिका प्रथमच दाखवणार असाल, तर सगळे 52 भाग ओळीने लावण्याचा आग्रह सोडावा. 1994 ते 1997 या काळात अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेलेल्या या मालिकेतील प्रत्येक भागाचा विषय स्वतंत्र आहे. म्हणून घर्षणच नसलेल्या मैदानात बेसबॉल खेळताना मुलांची त्रेधातिरपीट उडते, त्या भागापासून आरंभ करावा. (बेसबॉलचे नियम ठाऊक नसले तरी अडत नाही.) मात्र अखेरीस प्रेक्षक दूरध्वनीवरून निर्मात्यांना कथेतील चुका दाखवतात, तो छोटा प्रसंग कधीही वगळू नये, कारण बस आकसून शरीरात शिरते तेव्हा त्यातली कल्पना किती आणि विज्ञान किती, हे तिथेच उलगडते, माझ्या मते मालिकेचा खरा कस त्यातच आहे. तो प्रसंग येण्याआधी चित्र थांबवून चुका प्रथम मुलांनाच शोधू द्याव्यात.