घरच्या प्रार्थनासभेत पेटीवाला नसेल तर गाणी कशी घ्यावीत?
पेटी नाही म्हणून अडू नका, दहा-बारा जणांत टाळ आणि टाळी पुरते. सोलापुरात घरोघरी गाणी घेताना माझी पहिली चूक पट्टीची झाली. माझ्या सोयीने सूर लावला आणि वरच्या ओळीला एका आजींचा आवाज फुटला, त्या गप्पच बसल्या. आता सर्वांत उंच ओळ आधी गुणगुणून बघतो, मगच धृपद उचलतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे (1861–1919) अभंग जरूर घ्या. भजनासारखं एकाने म्हणावं, बाकीच्यांनी झेलावं, पुस्तक लागत नाही. आपल्याकडे तेलुगू, कन्नड बोलणारी घरं असतातच, एखादं धृपद त्यांच्याही भाषेत होऊ द्या. शेवटची ओळ संपली की लगेच प्रार्थना सुरू करू नका. दोन-तीन श्वास थांबा, कुणाचे तरी डोळे भरलेले असतात.