जगाच्या अंताच्या वेळी पेट्रा या प्राचीन शहरात आसरा मिळेल, असं कोणता ख्रिस्ती पंथ मानायचा?

हर्बर्ट आर्मस्ट्राँगचा अमेरिकेतला 'वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड'. बायबलमधल्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात एक स्त्री रानात पळून जाते, तिथं १,२६० दिवस तिचं पोषण होतं. ती स्त्री म्हणजे आपली मंडळी आणि रान म्हणजे बहुधा जॉर्डनमधलं पेट्रा, असा यांचा अर्थ. १९७२च्या जानेवारीत तिकडे निघायचं, १९७५च्या सुमारास ख्रिस्त येणार, असा हिशेब. खरी मेख पुढेच होती: जागा फक्त निष्ठावंतांना. दशांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) चुकवला किंवा धर्मसेवकाला उलट विचारलं, की मागे राहण्याची धास्ती. (दशांशही एकच नव्हे, ठरावीक वर्षी तिसराही!) १९७२ आलं आणि गेलं, कुणी कुठं गेलं नाही. १९८६मध्ये आर्मस्ट्राँग वारला. नंतरच्या नेत्यांनी ही शिकवण सोडली, पण फुटून निघालेले काही गट अजूनही पेट्राचं नाव घेतात.