दगडावर खोटी ओळ नको

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

जवानाच्या स्मारकाच्या दगडावर कोरायचा तुझा मसुदा वाचला. ‘शत्रूशी झुंजताना छातीवर गोळी झेलून वीरमरण’ ही ओळ काढून टाक. शाळेच्या समितीने ती मंजूर केली आहे आणि दगडवाल्याला विसारही दिला आहे, हे तू लिहिलंस. तरी काढ. त्या जवानाला लागलेली गोळी आपल्याच दुसऱ्या गस्ती तुकडीची होती, हे त्याच्या भावाने तुला सांगितलं आहे. आईला ते कधीपासून ठाऊक आहे. उद्या ती माऊली त्या दगडासमोर उभी राहील आणि पहिलीच ओळ खोटी वाचेल. खोटं लिहून कुणाचा सन्मान होत नाही. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

‘खरं लिहिलं तर त्याचा मान कमी होईल का?’ असं तू विचारून राहिली आहेस. मला या प्रश्नाचा राग येतो. तुझा नाही, प्रश्नाचा. मान कशाने ठरतो? रात्री त्या डोंगरधारेवर तो ज्या कामासाठी उभा होता, त्याने. गोळी कोणत्या नळीतून आली, याने नाही. अंधारात, धुक्यात, हातात शस्त्र घेऊन तो जायला तयार झाला, तेव्हाच त्याचं देणं देऊन झालं होतं.

आपल्या देशाने हे कसं हाताळलं ते बघ. २७ फेब्रुवारी २०१९ ला श्रीनगरजवळ बडगाममध्ये वायुसेनेचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. आतले सहाही जण गेले, खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये वायुसेनाप्रमुख भदौरियांनी जाहीरपणे सांगितलं की क्षेपणास्त्र आपलंच होतं आणि ही मोठी चूक होती. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये दोन्ही वैमानिकांना मरणोत्तर वायुसेना पदक (शौर्य) मिळालं, बाकी चौघांचा मेन्शन इन डिस्पॅचेसमध्ये, म्हणजे कामगिरीच्या अधिकृत गौरवयादीत, उल्लेख झाला. क्रम लक्षात घे. आधी कबुली, मग पदक. कबुलीमुळे पदक अडलं नाही.

बांगलादेशचं उदाहरण याहून मोठं आहे. १० डिसेंबर १९७१ ला खुलन्याकडे निघालेल्या पद्मा आणि पलाश या मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या, गनबोटींवर भारतीय विमानांनी शत्रूच्या समजून हल्ला केला. त्या ताफ्याचं नेतृत्व आपल्या नौदलाचे कमांडर सामंत करत होते. बोट सोडण्याचा हुकूम झाला, पण पलाशच्या इंजिनरूममधला रुहुल अमीन आपलं इंजिन वाचवायला आतच थांबला. जखमी होऊन तो किनाऱ्याला लागला आणि तिथे रझाकारांनी, म्हणजे पाकिस्तानच्या बाजूच्या स्थानिक सशस्त्र लोकांनी, त्याला मारलं. बांगलादेशने त्याला ‘बीर श्रेष्ठ’ दिला, म्हणजे त्या देशाचा सर्वोच्च शौर्य सन्मान. तो आजवर फक्त सात जणांना मिळाला आहे. बॉम्ब मित्रांचे होते म्हणून त्याचं नाव मागे राहिलं नाही.

आता उलटं उदाहरण. अमेरिकेचा पॅट टिलमन व्यावसायिक फुटबॉल सोडून सैन्यात गेला होता. २२ एप्रिल २००४ ला अफगाणिस्तानात तो आपल्याच सोबत्यांच्या गोळ्यांनी गेला. त्याला सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक देताना शत्रूच्या गोळीबाराचं वर्णन केलं गेलं. ३ मे ला देशभर दाखवलेली श्रद्धांजली सभा झाली. कुटुंबाला खरं कारण कळलं ते त्यानंतर, मे महिन्याच्या शेवटी. पुढे चौकशीवर चौकशी झाली, २००७ मध्ये संसदेत सुनावणी झाली. त्याचं शौर्य शंभर टक्के खरं होतं. पण एक ओळ खोटी निघाली, म्हणून लोक उरलेल्या ओळींवरही शंका घेऊ लागले. खोटं लिहून त्याचा सन्मान झाला नाही, त्याच्या आईवडिलांना मात्र पुढची कित्येक वर्षं सरकारशी भांडावं लागलं.

आता कामाचं बोलू.

सगळ्यात आधी खात्री. भावाचं सांगणं पुरेसं नाही, आणि जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण तर मुळीच नाही. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र जायला हवं. गार्ड्सचा जवान असेल तर कामठी, महार रेजिमेंटचा असेल तर सागर, मराठा लाईट इन्फंट्रीचा असेल तर बेळगाव. पत्र शाळेच्या नावाने नको. आईच्या किंवा वीरपत्नीच्या सहीचं हवं, आणि ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठव, म्हणजे उत्तर येतं. त्यात मागायच्या गोष्टी: सैनिक क्रमांक, अखेरचा हुद्दा, पलटण, मोहिमेचं नाव, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, आणि बॅटल कॅज्युअल्टी (रणांगणावरची हानी) प्रमाणपत्राची प्रत. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे सेनेच्या अंतर्गत चौकशीचा, निष्कर्ष हवा असेल तर कुटुंबीयांना माहिती अधिकारात अर्ज करता येतो. तो तू करू नकोस. तो त्यांचा हक्क आहे, आपल्या कार्यक्रमाची गरज नाही.

मग आईला विचार. फोनवर नाही, घरी जाऊन, आणि समितीतल्या चार जणांची फौज सोबत न नेता. तिच्यापुढे दोन मसुदे ठेव. एकात मृत्यूचं कारण आहे: ‘ऑपरेशन रक्षक दरम्यान, रात्रीच्या गस्तीत, आपल्याच तुकडीच्या गोळीबारात वीरमरण.’ दुसऱ्यात कारणच नाही: ‘ऑपरेशन रक्षक दरम्यान कर्तव्यावर असताना वीरमरण.’ मोहिमेचं नाव रेकॉर्ड ऑफिस जे देईल तेच घाल, मी नमुन्यादाखल लिहिलं आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती जे निवडेल ते कोरायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्रातल्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत, आणि कोण कशाने गेला याचा रकाना तिथे नाही. कारण न लिहिणं हा कुटुंबाचा अधिकार आहे. खोटं कारण लिहिण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही, आईलाही नाही. हे तिला सांगावं लागलं तर हळू आवाजात सांग, पण सांग. आमच्या पिढीने गप्प बसण्याला अदब समजलं आणि वीरपत्नींना शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबुज ऐकत जगायला लावलं, याची खंत मला आहे. म्हणून मी या बाबतीत अडून बसतो. लोक हट्टी म्हणतात, म्हणोत. तपासून बघ, या हट्टाने कुणाचं नुकसान झालंय का.

आईकडे जाशील तेव्हा एक कागद जरूर बघ, पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. समिती म्हणेल याचा दगडाशी काय संबंध. माझ्या मते हाच पहिला सन्मान आहे, फुलं नंतर. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात मृत्यूचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग आहेत. कर्तव्याशी संबंधित आजार आणि अपघात हे ‘बी’ आणि ‘सी’त येतात, त्यांना विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या ६० टक्के. अतिरेकी हिंसा ‘डी’त, युद्ध, सीमेवरच्या चकमकी आणि अधिसूचित मोहिमा ‘ई’त. या दोन वर्गांत उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे अखेरचं वेतन पूर्ण. आपल्याच गोळीबारात गेलेल्याची फाईल कारकुनी हाताने ‘अपघात’ म्हणून ‘सी’त टाकली जाते आणि घरातले चाळीस टक्के दर महिन्याला जातात. खरं तर मोहिमेच्या क्षेत्रात, कारवाई चालू असताना झालेला अपघाती मृत्यूही सेनेच्या आदेशानुसार रणांगणावरच्या हानीतच मोडतो. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये मोहिमेवर असताना सहकाऱ्याच्या गोळीने गेलेल्या जवानाच्या आईच्या बाजूने पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निकाल दिला. अर्ज उशिरा केला हा सरकारचा आक्षेपही टिकला नाही. तेव्हा पीपीओवर ‘विशेष’ लिहिलं असेल तर गप्प बसू नकोस. आधी रेकॉर्ड ऑफिसला अपील, नाही ऐकलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई पीठ. अर्ज आई किंवा वीरपत्नी करतील, तू टंकून दे आणि पोच जपून ठेवायला सांग.

आता दगड. काळा ग्रॅनाइट घ्या, किमान १८ मिलिमीटर जाडीचा. नुसती रंगवलेली पाटी नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत उडते. अक्षरं कोरलेली हवीत आणि कोरलेल्या खाचेत रंग भरलेला हवा. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षराची उंची एक इंचाच्या खाली जाऊ देऊ नका, नाव दीड इंच. निव्वळ सिमेंटवर चिकटवू नका, चारही कोपऱ्यांना स्टीलचे स्क्रू लावा, उन्हाने तापून थंड होता होता सिमेंट सुटतं. सगळ्यात जास्त घोळ अक्षरांत होतो. दगडवाल्याकडे जुना फाँट असतो, तू पाठवलेला मजकूर त्यात उघडला की रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्या’चं काहीतरी भलतंच होतं. म्हणून कोरण्याआधी खऱ्या मापाचा छापील कागद मागव आणि तो तिघांनी मोठ्याने वाचा. सैनिक क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असतं, ते हमखास गळतं किंवा चुकतं. हुद्दा आणि पलटणीचं नाव रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राशी ताडून पाहा, भावाच्या आठवणीशी नको.

२६ जानेवारीचा कार्यक्रम. अनावरणासाठी दगडावर तिरंगा पांघरायची कल्पना तुझ्या मसुद्यात आहे, ती काढ. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज स्मारक किंवा पुतळा झाकायला वापरता येत नाही. साधं पांढरं कापड वापरा, ध्वज वेगळा, त्याच्या जागी फडकू दे. पुष्पचक्र आधी आईचं, मग वीरपत्नीचं, मग पलटणीतून कुणी आलं असेल तर त्याचं, पाहुणे शेवटी. पाहुणे नाराज होतील, होऊ दे. बिगुलवाला मिळाला तर आधी लास्ट पोस्ट ही निरोपाची धून, मग दोन मिनिटं मौन, मग राऊज ही मौन संपल्याची धून. एनसीसीच्या मुलांना मौन कधी संपलं ते कळत नाही आणि कुणीतरी मधेच ‘सावधान’ ओरडतो, म्हणून आदल्या दिवशी घड्याळ लावून तालीम घ्या. बिगुलवाला नसेल तर मोबाईलवर वाजवू नका, एकाने घड्याळ बघून खूण करायची. झेंडूचे हार दुसऱ्या दिवशी सकाळीच उचला.

सूत्रसंचालकाला लेखी मजकूर दे आणि त्याबाहेर बोलायची बंदी घाल. ‘शत्रूच्या भ्याड हल्ल्यात’ हे शब्द सवयीने तोंडात येतात. प्रमुख पाहुण्यांनाही आधीच एक कागद दे: जवानाचं नाव, हुद्दा, मोहीम, तारीख, आणि खाली स्पष्ट सूचना, मृत्यूच्या कारणावर भाष्य नको. माईक हातात आला की माणसाला शौर्यकथा रचायचा मोह होतो. तो तूच रोखायचा, दुसरं कुणी रोखणार नाही.

मुलांपैकी कुणीतरी विचारणारच, असं कसं होतं? टाळू नकोस. ५ डिसेंबर २००१ ला अफगाणिस्तानात एका अमेरिकन जवानाने जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यावर लक्ष्याचा नाही, त्याच्या स्वतःच्या जागेचा ठावठिकाणा आला. तोच विमानाला कळवला गेला आणि दोन हजार पौंडांचा बॉम्ब आपल्याच माणसांवर पडला. तीन अमेरिकन गेले, सोबतचे अफगाण गेले, हमीद करझाईही तिथेच जखमी झाले. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे ३५ सैनिक आपल्याच माऱ्यात गेले, लढाईत गेलेल्यांच्या जवळपास चौथा हिस्सा. नॉर्मंडीत २५ जुलै १९४४ ला आपल्याच बॉम्बफेकीत १११ अमेरिकन गेले, त्यांत लेफ्टनंट जनरल मॅकनेअर होते. म्हणजे हे जनरललाही चुकत नाही. अंधार, चुकलेला नकाशा, बदललेली वेळ, न पोचलेला वायरलेस, एवढं पुरतं. अमेरिकेने १९९३ मध्ये कायदाच केला की अशा जवानालाही पर्पल हार्ट, म्हणजे लढाईत जखमी झालेल्यांना किंवा गेलेल्यांना दिलं जाणारं पदक, मिळेल.

आणि ज्याने गोळी झाडली त्याचं नाव शोधू नकोस. तू ‘कोण होता तो’ असं पत्राच्या शेवटी विचारलं आहेस. ते तुझ्या दगडाचं काम नाही. तोही त्याच रात्री, त्याच हुकुमावर तिथे होता. चौकशी करणं सेनेचं काम, क्षमा करायची की नाही ते त्या आईचं. भावाने रागाच्या भरात नाव सांगितलं असेल तर कुठेही लिहून ठेवू नकोस, फोनमध्येसुद्धा नाही.

समितीला पत्र लिहायला तू घाबरते आहेस, ते कळतं. त्यांना एवढंच लिही: ‘ओळ वस्तुस्थितीला धरून नाही, कुटुंबाच्या संमतीने बदलत आहोत.’ कारणं देत बसू नकोस, कारणं दिली की चर्चा होते आणि चर्चेत खोटी ओळ जिंकते. दगडवाल्याला आजच फोन करून कोरणं थांबव. रेकॉर्ड ऑफिसच्या उत्तराला महिना-दीड महिना लागू शकतो. तोवर नाही आलं तर २६ जानेवारीचा हट्ट सोडा, १५ ऑगस्टला करा. नवा मसुदा आईच्या सहीनिशी मला पाठव, सैनिक क्रमांक आणि तारीख मी ताडून देतो.

तुझा,
काका