औषधाला दाद कोण देत नाही?

खारघरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे धाकटे दीर मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाने, अतिदक्षता विभागात होते, आता सुखरूप घरी आलेत. डॉक्टर तोंडी म्हणाले होते, ‘जंतू पेनिसिलिनला रेझिस्टंट निघाला.’ पुतण्याने ऑफिसच्या रजेच्या अर्जात त्याचं मराठी केलं, ‘मेंदूज्वर, प्रतिजैविक-प्रतिरोधक रुग्ण’. ताईंचा प्रश्न असा की ‘प्रतिरोधक’, ‘प्रतिरोधी’ आणि ‘प्रतिकारक’ यांतलं बरोबर कुठलं? शिवाय ‘मेंदूज्वर’ म्हणणं योग्य आहे का?

प्रत्ययांचं दोन ओळींत उरकतो. ‘प्रतिरोधक’ आणि ‘प्रतिरोधी’ दोन्ही शुद्ध. जलरोधक जसा पाण्याला अडवतो, तसा प्रतिजैविक-प्रतिरोधक प्रतिजैविकाला अडवतो. खरी चूक शेजारच्या ‘रुग्ण’ या शब्दात आहे. ताई, तुमचे दीर औषधाला अडवत नव्हते हो, जंतू अडवत होता!

ही चूक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. नौपाड्यात औषधाच्या दुकानात उभं राहावं तर पुढचा गृहस्थ सांगत असतो, ‘अमॉक्सिसिलिन नको, माझी बॉडी रेझिस्टंट झालीय.’ लोकलमध्ये कोणी म्हणतं, ‘आमच्या बाबांच्या शरीराला अँटिबायोटिकची सवय झाली.’ नुसती भाषेची चूक असती तर मी गप्प बसलो असतो. पण या वाक्यातून घातक समज पसरतो, की मी आयुष्यात गोळ्या कमी घेतल्या म्हणजे मला धोका नाही. जंतू आपला गुण बरोबर घेऊनच येतो. ज्या तान्ह्या बाळाने पेनिसिलिनचा थेंब पाहिलेला नाही, त्यालाही पेनिसिलिन न जुमानणारा जंतू गाठू शकतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला १९७७ साली असे न्यूमोकोकस (न्यूमोनिया आणि मेनिंजायटिस करणारे जंतू) सापडले ते लहान मुलांमध्येच.

‘प्रतिकार’ तर मुळीच नको. मराठीत प्रतिकारशक्ती ही चांगली गोष्ट आहे, ती वाढावी म्हणून आपण च्यवनप्राश खातो. ‘प्रतिकारशक्ती वाढली आहे’ हे ऐकून वऱ्हांड्यात बसलेल्या एका आईने हात जोडलेले मी पाहिलेत. ती जंतूची प्रतिकारशक्ती होती. तिला ते नीट समजावून सांगायला शब्द नव्हता म्हणून पंधरा मिनिटं गेली. आणि हिंदीतून आलेला ‘रोगाणुरोधी प्रतिरोध’ तर कोणीही मराठीत आणू नये. दोन रोध एकापाठोपाठ. कोण कोणाला अडवतोय हे कळायला माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसेल.

आपल्या घरातली भाषा याहून कितीतरी नेमकी आहे. ‘गुण येत नाही’ म्हटलं की आपण रोग्याबद्दल बोलतो. ‘लागू पडत नाही’ म्हटलं की औषधाबद्दल. आणि ‘दाद देत नाही’ म्हटलं की दुखण्याबद्दल, म्हणजे इथे जंतूबद्दल. तीन क्रियापदं, तीन वेगळे कर्ते. आजीला हा फरक शिकवावा लागला नव्हता.

तर ‘दाद’. शब्द फारसी आहे, अर्थ न्याय. म्हणून ‘दाद मागणे’ म्हणजे न्याय मागणे, म्हणून ‘दाद ना फिर्याद’. गडकरी रंगायतनात एखाद्या जागेला आपण दाद देतो तेव्हाही मुळात त्या जागेला न्यायच देत असतो. (अंगावर उठणारी ‘दाद’, म्हणजे नायटा, निराळी, ती संस्कृत ‘दद्रु’पासून आली.) फारसीत ‘दादन’ म्हणजे देणे असंही क्रियापद आहे, त्यामुळे भले भले फसतात आणि ‘दाद’ला ‘दा’ म्हणजे देणे या धातूला नेऊन बांधतात. तसं नाही. प्राचीन फारसीत शब्द होता ‘दात’, अर्थ कायदा. इराणमधल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात दारियस राजा म्हणतो की हे देश माझ्या ‘दात’प्रमाणे वागले. हा ‘दात’ ज्या धातूपासून आला, तो संस्कृतातला ‘धा’, म्हणजे ठेवणे, घालून देणे. इराणी भाषांत ‘ध’चा ‘द’ झाला आणि दोन धातू सारखेच दिसू लागले. घालून दिलेला तो कायदा. आपल्याकडेही ‘धा’पासून काय निघालं पाहा: विधी, विधान, विहित, संहिता. सगळी कोर्टातली मंडळी. आणि ‘हित’सुद्धा! दाद आणि हित ही एकाच धातूची लेकरं आहेत.

आता माझं स्वतःचं मत, ज्यावरून मी अनेकांशी भांडलो आहे. ‘औषध’ हा शब्दही याच घरातला आहे. ओषधि म्हणजे ओष अधिक धि. ओष म्हणजे जळणं, दाह, ‘उष्ण’मधला तोच उष्. आणि ‘धि’? यास्काचार्य निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात, ‘धे’ म्हणजे पिणे या धातूकडे जातात: जळत्या दाहाला पिते ती, किंवा दोष पिऊन टाकते ती ओषधि. कल्पना सुंदर आहे, पण मला पटत नाही. यास्कांनी एकाच शब्दाच्या तीन-तीन व्युत्पत्त्या द्याव्यात आणि आपण तिन्हींपुढे मान डोलवावी, हे मला जमत नाही. उदधी पाणी पितो का? निधी काय पितो? या सगळ्यांतला ‘धि’ सरळ सरळ ‘धा’चा आहे, मग एकट्या ओषधीनेच वेगळं काय केलं? माझ्या मते दाह जिच्यात ठेवला आहे ती ओषधि. तेव्हा ‘औषधाला दाद देणे’ या तीन शब्दांत ‘धा’ दोनदा येतो, एकदा संस्कृतातून आणि एकदा इराणातून, आणि दोघांची गाठ मराठीत पडते. हे मला पहिल्यांदा सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या ठाण्याच्या मंडळातले एक निवृत्त संस्कृत शिक्षक म्हणतात, वैद्यकीय परिभाषेत फारसी शब्द कशाला? सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले, आणि तरीही दाद मराठीत राहिली. लोकांना ती हवी होती म्हणून राहिली. शिवाय ‘प्रतिरोधक’ जे करू शकत नाही ते ‘दाद’ करते. ‘रेझिस्टंट जंतू’ असं अर्धवट बोलून मोकळं होता येतं. ‘दाद देत नाही’ म्हटलं की व्याकरणच विचारतं: कोणाला? औषधाचं नाव घ्यावंच लागतं. आणि मेनिंजायटिसमध्ये सगळा जीव त्या नावावर असतो.

हे मी कोशातून सांगत नाही. बत्तीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. मणक्यातून काढलेलं पाणी यायचं. निरोगी माणसाचं पाणी नितळ असतं, या रोग्यांचं तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. त्यातून वाढवलेला जंतू रक्त घातलेल्या लाल अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरायचा आणि वर औषधाची पट्टी ठेवायची. पट्टीच्या एका टोकाला औषध जास्त, दुसऱ्या टोकाकडे कमी कमी होत जाणारं, बाजूला आकडे छापलेले. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली की पट्टीभोवती जंतू न वाढलेला लांबट अंडाकृती भाग दिसायचा. त्याची कड पट्टीला जिथे छेदते तो आकडा वाचायचा. इतक्या मात्रेला जंतूने दाद दिली. कड पट्टीला कुठेच छेदत नसेल, जंतू अगदी पट्टीला चिकटून वाढला असेल, तर सरळ फोन उचलायचा.

आणि त्या आकड्याचा अर्थ रोग कुठे आहे त्यावर बदलतो! पेनिसिलिनची मात्रा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम आली समजा. तोच न्यूमोकोकस फुप्फुसात असेल तर शिरेतून दिलेल्या पेनिसिलिनला दाद देणारा ठरतो, कारण तिथे मर्यादा २ पर्यंत आहे. मेंदूच्या आवरणात असेल तर ०.०६ च्या पुढे गेला की संपलं, ०.१२ पासून तो दाद न देणारा. अमेरिकेतल्या सीएलएसआय या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने २००८ साली हे दोन हिशोब वेगळे केले. जंतू तोच, औषध तेच. मग ‘प्रतिरोधक’ हे विशेषण जंतूला कायमचं कसं चिकटवणार? दाद मागायला दरबारात पोहोचावं लागतं, आणि रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पहारा आहे तो बहुतेक औषधांना दारातच अडवतो. म्हणून प्रौढांना न्यूमोनियात सेफ्ट्रायॅक्झोन दिवसाला १ ते २ ग्रॅम पुरतं आणि इथे २ ग्रॅम दर बारा तासांनी द्यावं लागतं.

कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याचा, निकाल यायला दिवस-दोन दिवस लागतात, रोगी तितका थांबत नाही. म्हणून डॉक्टर आधीच सेफ्ट्रायॅक्झोन आणि व्हॅन्कोमायसिन दोन्ही सुरू करतात: एकाला दाद मिळाली नाही तर दुसऱ्याला मिळावी. पन्नाशी उलटलेल्यांना लिस्टेरिया या जंतूसाठी अँपिसिलिनही जोडतात. पहिल्या डोसच्या आधी किंवा बरोबर सूज उतरवणारं डेक्सामेथासोन देतात, कारण मेंदूची बरीच हानी सुजेमुळे होते. त्यातही पेच आहे. सूज उतरली की पहारा पुन्हा कडक होतो आणि व्हॅन्कोमायसिन आत कमी पोहोचतं, म्हणून जंतू सेफ्ट्रायॅक्झोनलाही दाद देत नसेल तर रिफॅम्पिसिन जोडण्याचा विचार होतो. मेंदूच्या ऑपरेशननंतर अॅसिनेटोबॅक्टरसारखा जंतू शिरला आणि मेरोपेनेमलाही दाद देईना, तर कोलिस्टिन उरतं. ते शिरेतून दिलं तर आत फारसं पोहोचतच नाही, म्हणून थेट मेंदूच्या पोकळीत किंवा मणक्यातल्या पाण्यात सोडावं लागतं. पूर्वी शेवटचा उपाय म्हणून हेमगर्भाची मात्रा उगाळायला घेतली की घरातले समजून जायचे. कोलिस्टिनची बाटली मागवली की आमच्या लॅबमध्ये तशी शांतता पसरायची.

निकाल हाती आला की ज्यांची गरज उरत नाही ती औषधं बंद करतात. तुमच्या दिरांचं व्हॅन्कोमायसिन मधेच थांबवलं असेल तर ते याचसाठी, जंतूने सेफ्ट्रायॅक्झोनला दाद दिली असेल. त्यात हयगय नव्हती.

‘मेंदूज्वर’ राहिलाच. सरकारी लसीकरणात ‘जपानी मेंदूज्वर’ येतो तो खुद्द मेंदूचा दाह, आणि तो विषाणूमुळे होतो. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. एकाच शब्दात दोन्ही आजार कोंबले की लोक विचारतात, शेजारच्या मुलाला अँटिबायोटिक दिलं नाही, आमच्याला का दिलं? म्हणून इथे ‘मेंदूच्या आवरणाचा दाह’ म्हणा. ‘मस्तिष्कावरणदाह’ बरोबर आहे, पण तोंडात बसत नाही.

पुतण्याला अर्जात असं लिहायला सांगा: ‘मेंदूच्या आवरणाचा दाह, जंतू पेनिसिलिनला दाद देत नाही.’ रिपोर्टमध्ये सेफ्ट्रायॅक्झोनपुढे इंग्रजी एस (ससेप्टिबल, म्हणजे दाद देणारा) असेल तर पुढे जोडा, ‘सेफ्ट्रायॅक्झोनला देतो.’ आणि रुग्णापुढे फक्त दिरांचं नाव.