पडद्यावरून रंगमंचावर: वाचकांचे प्रश्न

कोणत्या मराठी चित्रपटाचं चांगलं संगीत नाटक होईल, असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त आले. त्यातले तालमीला बसणाऱ्यांच्या कामी येतील असे इथे घेतले आहेत.

प्रश्न: आमची हौशी संस्था आजवर गद्य नाटकंच करत आली. यंदा एखाद्या चित्रपटावरून संगीत नाटक बसवायचं आहे. गाणी सगळ्यांना पाठ असलेलाच चित्रपट घ्यावा ना? (सातारा)

गाणी पाठ असणं हीच पहिली अडचण आहे. प्रेक्षक मूळ आवाज कानात घेऊन बसतो आणि तुमच्या नटाला दुसऱ्या ओळीपासून त्याच्याशी ताडून पाहू लागतो. त्यापेक्षा एक परीक्षा घ्या. चित्रपटातली सगळी गाणी काढून नुसती गोष्ट कुणाला तरी सांगा. कुठेच अडखळला नाहीत, तर ती गाणी शोभेची होती. असा चित्रपट सोडून द्या.

दुसरा हिशोब जागांचा. चित्रपटात पाच-सहा गाणी पुरतात. दोन-अडीच तासांच्या संगीत नाटकात लहानमोठ्या पंधरा-वीस जागा तरी गायच्या असतात, आणि त्यातली एखादी जागा दोनच ओळींची असते. जुन्या संगीत नाटकात साकी आणि दिंडी ही छोटी पदं हेच काम करत. म्हणजे दहाएक गाणी नव्याने लिहावी लागणार. मूळ गाण्यांशेजारी ती उसनी वाटली, तर नाटक तिथेच कोसळतं.

आमची निवड विचाराल तर ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, १९७७ चा जब्बार पटेलांचा चित्रपट, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. यात गोष्ट बरीचशी गाण्यातूनच पुढे जाते आणि ठाकरवाडी समूहाने गाते. ढोल वाजवणारा नाग्या, त्याच्यावर जीव जडलेली चिंधी आणि लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी, एवढाच सरळ संघर्ष. बारा-चौदा जणांचा गाणारा ताफा हाताशी असेल, तर नेपथ्याला फारसा खर्च नाही.

खरा पेच मोहोळाचा आणि डोंगराचा. माश्यांचा आवाज स्पीकरवरून सोडू नका, तो पंख्यासारखा ऐकू येतो. ताफ्यातल्या निम्म्यांनी तोंड मिटून षड्जावर (‘सा’वर) गुणगुणायचं आणि उरलेल्यांनी त्याच्या किंचित वर-खाली राहायचं. दोन स्वर असे घासले की हवी ती भणभण आपोआप उठते. श्वास आळीपाळीने घ्यायचा, म्हणजे आवाज तुटत नाही. नाग्या चढू लागला की आवाज वाढवायचा आणि मोहोळ हलताच एकदम थांबवायचा. पहिल्या चार-पाच तालमींत सगळे नकळत एकाच स्वरावर येतात, म्हणून दोन्ही गट रंगमंचाच्या दोन कडांना उभे करा.

चढण्यासाठी दोरीचा मल्लखांब सुचेल. दिसतो झकास. पण पडदे आणि दिवे टांगायच्या बारवर माणूस लटकवायचा नाही, ती झटक्याने येणाऱ्या वजनासाठी नसते. जमिनीवर स्वतंत्र उभी राहणारी लोखंडी चौकट लागेल आणि ती जाणकाराकडून तपासून घ्यावी लागेल. ते झेपणार नसेल, तर तीन उंचींच्या लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, पुरतात. काहीही केलं तरी चढताना नाग्याला गायला लावू नका. पोटाचे स्नायू चढण्यात गुंतले की सूर धरवत नाही. ते गाणं ताफ्याचं. आणि धुराचं यंत्र हात राखून वापरा. वातानुकूलित नाट्यगृहात धूर भलतीकडेच ओढला जातो आणि गाणाऱ्यांचे घसे कोरडे पडतात ते वेगळंच.

‘नटरंग’ही चांगला उभा राहील. तिथे तमाशाचा फड असल्यामुळे गाण्याला कारण शोधावं लागत नाही. मात्र पडद्यावर पैलवानी अंगाचा गुणा नाच्या होताना त्याचं शरीरच बदलतं. रंगमंचावर दोन तासांत ते होणार नाही, आणि आत स्पंज भरून सुरुवात करण्याचा मोह टाळा, घामाने तो जड होतो. पाऊल, मनगट आणि आवाजाची पट्टी यांतून बदल दाखवा.

‘पिंजरा’ मात्र वाटतो तितका सोपा नाही. जिवंत असलेल्या मास्तरांवर त्यांच्याच खुनाचा आळ येतो. इतका नाट्यमय शेवट मराठी पडद्यावर क्वचितच सापडेल. पण त्यातल्या बहुतेक लावण्या फडावरच्या आहेत. त्या चालू असताना गोष्ट जागची हलत नाही. मास्तरांच्या आतली पडझड गाणारी पदं नव्याने हवीत, आणि ती संगीतकार राम कदमांच्या ढोलकीशेजारी ठेवायची आहेत. हिंमत असेल त्यानेच हात घालावा.

प्रश्न: ‘सैराट’ का नको? संगीत नाटक म्हणून हाऊसफुल्ल जाईल. (बार्शी)

तिकीटबारीबद्दल वाद नाही. पण चित्रपट पुन्हा नीट बघा. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. दोघं हैदराबादला पोचल्यावर नागराज मंजुळेंनी गाणं बंदच केलं आणि शेवटी तर आवाजही काढून घेतला. प्रेमात गाणं आहे, संसारात नाही, हीच त्या चित्रपटाची रचना आहे. उत्तरार्धात गाणी घातलीत की ती मोडते, आणि नाही घातलीत तर मध्यंतरानंतर वादक रिकामे बसतात. शिवाय अजय-अतुल यांनी तो वाद्यवृंद अमेरिकेत मोठ्या ताफ्यासह ध्वनिमुद्रित केला होता. सहा वादकांत तो भरणार नाही, आणि सिंथेसायझरवर भरायला गेलात तर वरातीचा बँड होतो.

प्रश्न: ‘अशी ही बनवाबनवी’चं काय? (डोंबिवली)

फार्सची भट्टी वेगावर चालते आणि गाणं वेग थांबवतं. तरीही एक उपयोग आहे. सुधीरची सुधा आणि परशाची पार्वती व्हायला विंगेत वेळ लागतो. उरलेल्यांचं छोटं गाणं तिथे नेमकं बसतं. साडी शिवलेलीच घ्या, कमरेला हुकाऐवजी रुंद वेल्क्रो, विग आणि ब्लाऊज आधीच बाजूला मांडलेले, मदतीला दोन माणसं आणि एक मंद निळा दिवा. कपडे बदलायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा आणि गाणं त्याहून वीस सेकंद मोठं बांधा. उशीर झालाच तर पुन्हा घेता येईल असा धृपदाचा एक फेरा राखीव ठेवा.

प्रेक्षक संवाद नटाच्या आधी म्हणतील ते वेगळंच. त्याला इलाज नाही. हसू ओसरेपर्यंत थांबायची सवय तालमीतच लावा.

प्रश्न: ‘कट्यार काळजात घुसली’ यादीत का नाही? (नागपूर)

कारण ते १९६७ पासून नाटकच आहे, चित्रपट नंतर २०१५ मध्ये आला. पुरुषोत्तम दारव्हेकरांची संहिता आणि जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत असताना चित्रपटावरून परत नाटक कशाला करायचं?

प्रश्न: परवानगी कुणाकडून घ्यायची? निर्मात्याचं पत्र पुरेल का? (कोल्हापूर)

बहुतेक वेळा पुरत नाही. चित्रपट निर्मात्याचा, गाण्यांचे हक्क अनेकदा संगीत कंपनीकडे, आणि मूळ कादंबरी असेल तर ती लेखकाची किंवा वारसांची. ‘जैत रे जैत’ आणि ‘नटरंग’ दोन्ही कादंबऱ्यांवरून आले आहेत. त्यामुळे एक वाट अशी की कादंबरीच्या नाट्यरूपांतराचेच हक्क घ्यायचे आणि गाणी सगळी नवी करायची. कष्ट जास्त, कटकट कमी. मात्र चित्रपटासाठी नव्याने रचलेला प्रसंग किंवा संवाद मग वापरता येत नाही.

चित्रपटातलीच गाणी हवी असतील, तर जलशात गाण्यासाठी मिळणाऱ्या परवान्यावर विसंबू नका. नाटकात गाणं पात्राच्या तोंडी घालायचं तर हक्कधारकाची वेगळी लेखी संमती घ्या. पत्रात प्रयोगांची संख्या, गावं, मुदत, शब्द किंवा लय बदलण्याची मुभा आणि प्रयोगाचं चित्रण इंटरनेटवर टाकणार का, हे सगळं लिहा. शेवटची बाब हमखास राहते आणि भांडण तिथेच होतं.

जुनं आहे म्हणजे मोकळं आहे, असंही नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण गीत, संगीत आणि संवाद यांचा हक्क त्या त्या लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ घ्या. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. त्यातलं ‘आधी बीज एकले’ मात्र तुकोबांचं नाही, ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं गीत आहे. गाथेतलं समजून ते बिनधास्त घेणारे कितीतरी आहेत.

याशिवाय संहिता, नाटक तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जायला हवी, चित्रपटाचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. संहितेसोबत गाण्यांचे शब्दही जोडा.

प्रश्न: नटांनी प्रत्यक्ष गावं की ट्रॅकवर ओठ हलवावेत? नाचत गाणं जमत नाही. (ठाणे)

प्रत्यक्षच गावं. ‘मुघल-ए-आझम’चं २०१६ चं रंगमंचीय रूप एवढं भव्य असूनही त्यात मुख्य भूमिकेतले कलाकार स्वतः गात होते, आणि ‘संगीत देवबाभळी’ तर दोन गायिका-अभिनेत्रींच्या गळ्यावर उभं राहिलं. ओठ हलवणारा नट ट्रॅकचा कैदी होतो. टाळी लांबली तरी थांबता येत नाही.

नाचत गाण्याची युक्ती वाटणीत आहे. शब्द असतील तिथे पावलं लहान, मोठी हालचाल मधल्या संगीतात, आणि अवघड नाचाच्या ओळी ताफ्याकडे. तालमीत जागेवर दुडक्या चालीने धावत पूर्ण गाणं म्हणायला लावा. श्वास जिथे तुटतो तिथे शब्द बदला किंवा लय थोडी उतरवा. चित्रपटातलं लांब मधलं संगीतही छाटा. तिथे पडद्यावर डोंगर-नद्या दिसतात, तुमच्याकडे दोन नट नुसते उभे राहतील.

पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या पट्टीला ‘सा’ धरायचा ते, सगळ्यात आधी ठरवा. मूळ गाणं काळी चारमध्ये असेल आणि तुमच्या नायिकेचा गळा काळी दोनचा असेल, तर हट्ट सोडा. ढोलकी त्या पट्टीच्या सुरात मिळवावी लागते, त्यामुळे हा निर्णय वादक येण्याआधीचा.

लावणीच्या साजात छातीवर माईक लावू नका. ठुशी आणि बोरमाळ त्यावर आपटत राहते. केसांच्या कडेला, कपाळाशी लावा आणि वायर खोप्याखालून पाठीवर न्या. घाम आत गेला की आवाज एकदम बसतो, म्हणून ट्रान्समीटर पातळ रबरी पिशवीत घाला आणि मध्यंतरात सगळ्या बॅटऱ्या बदला, अर्ध्या भरलेल्या दिसत असल्या तरी. घुंगरांचा गलका शब्द खात असेल, तर गाणारीच्या पायातले घुंगरू कमी करा आणि मागच्या नाचणाऱ्यांच्या पायात वाढवा. ढोलक्या दोन ठेवा. रिकाम्या, गरम नाट्यगृहात दुपारी मिळवलेली ढोलकी एसी सुरू झाला की सुरात चढते. दुसरी तिसऱ्या घंटेच्या आधी, थंड झालेल्या नाट्यगृहातच मिळवून घ्या.