चारांगो: कॉर्ड नंतर, आधी उजवा हात

चारांगो, म्हणजे अँडीज पर्वतातलं गिटारसारखं छोटं तंतुवाद्य, हातात आला की बहुतेक जण कॉर्ड पाठ करायला बसतात. तुम्ही तसं करू नका. अँडीजच्या संगीताचा जीव उजव्या हातात आहे. आधी तारांच्या पाचही जोड्या सोल-दो-मी-ला-मी (G-C-E-A-E) या स्वरांत नीट लावा. मधल्या जोडीतल्या दोन तारांमध्ये एका सप्तकाचं अंतर असतं. नव्या नायलॉन तारा उतरत राहतात, त्यामुळे रोज लावाव्या लागतील.

मग एकाच कॉर्डवर वाय्नो हा अँडीजचा ठेका धरा. मात्रेत एक लांब आघात, त्यामागे दोन आखूड. लांब आघात तर्जनीच्या नखाने खाली, आखूड दोन खाली-वर. मनगट सैल, कोपर शांत. जोर पहिल्या आघातावर हवा. तिन्ही सारखे वाजले की वाय्नो नाचत नाही, आणि हा मुळात नाचाचाच ठेका आहे! तोंडाने म्हणत, पायाने ताल देत वाजवा. वेग आपोआप येईल.

कुएका या दुसऱ्या नाचाच्या ठेक्याची घाई नको. तिथे सहा-आठ (6/8) आणि तीन-चार (3/4) हे ताल एकमेकांत गुंततात. वाय्नो अंगात भिनला नसेल तर गोंधळ उडतो. तोवर बोलिव्हियाचे चारांगोवादक एर्नेस्तो काव्होर यांचं वादन भरपूर ऐका.