'आमचं दूध शुद्ध आहे' असं सांगून विश्वास का बसत नाही?

तुम्ही लिहिलंय की तुमची तालुक्याच्या गावात छोटी डेअरी आहे. व्हॉट्सॲपवर भेसळीचा एखादा व्हिडिओ फिरला की रतीबाची चार घरं तुटतात आणि 'आमचं दूध शुद्ध आहे' असं कितीही सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. मग अन्नातल्या धोक्याबद्दल लोकांशी बोलावं कसं आणि गेलेला विश्वास परत मिळतो का, असा तुमचा प्रश्न आहे. मी एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सगळ्यात आधी 'शुद्ध आहे' हे सांगणं बंद करा. भेसळ करणाराही तेच सांगतो. गिऱ्हाइकाला खरं तर हे कळायला हवं असतं की धोका नेमका कशाचा आहे, माझ्या घरात कुणाला आहे आणि मी त्यावर काय करू शकतो. याचं उत्तर मिळालं नाही की माणूस व्हिडिओवर विश्वास ठेवतो, कारण व्हिडिओ निदान काहीतरी ठोस दाखवतो.

दुधाचंच उदाहरण घेऊ. २०११ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने, देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने तपासले. त्यातले ६८.४ टक्के मानकांत बसले नाहीत. ही गोष्ट लोकांपर्यंत पोचली ती 'देशातलं ६८ टक्के दूध भेसळीचं' अशी. अहवाल वाचला तर दिसतं की नापास नमुन्यांतला सर्वात मोठा गट एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) कमी भरलेल्या, म्हणजे मुख्यतः पाणी घातलेल्या दुधाचा होता. डिटर्जंट १०३ नमुन्यांत सापडलं. १०३ हा आकडा लहान नाही आणि त्याचा संताप यायलाच हवा. पण पाणी घालून गिऱ्हाइकाला लुबाडणं, दुधात डिटर्जंट कालवणं आणि उन्हाळ्यात हिरवा चारा नसल्यामुळे गाईचं एसएनएफ आपोआप उतरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही धंद्यात आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. लोकांना मात्र ते कुणीच सांगितलं नाही. पुढे त्यातूनच 'जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा, २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरला. संघटनेने असा कोणताही इशारा दिलेला नाही, हे सरकारला जाहीर करावं लागलं. पण खुलासा मेसेजइतका कधीच फिरत नाही.

आता पुढचं पाहा. २०१८ मध्ये एफएसएसएआयने पुन्हा, या वेळी १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. आरोग्याला घातक अशी भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. हायड्रोजन पेरॉक्साइड, डिटर्जंट, युरिया वगैरे सगळं धरून बारा. मात्र अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ नमुन्यांत आणि प्रतिजैविकांचे अंश ७७ नमुन्यांत. म्हणजे ज्या गोष्टीला लोक घाबरतात ती क्वचित सापडली आणि जिच्याबद्दल कुणी विचारतही नाही ती तिच्या तीसपट. मला यातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

अफ्लाटॉक्सिन दुधात कुणी मिसळत नाही. पावसाळ्यात सरकी पेंड किंवा मका भरडा ओलसर जागी पडून राहिला की त्याला बुरशी धरते. त्या बुरशीचं विष जनावराच्या पोटात जातं, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि ते दुधात उतरतं. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. दूध कितीही उकळलं तरी ते जात नाही. तेव्हा 'दूध उकळून प्या, काही होत नाही' हा आपला नेहमीचा सल्ला जंतूंच्या बाबतीत बरोबर आहे आणि या विषाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. गिऱ्हाईक घरी काहीच करू शकत नाही, म्हणून इथली सगळी जबाबदारी गोठ्याची आणि डेअरीची.

हे लोकांना सांगायचं कसं? 'दुधात विष' म्हटलं तर लोक मुलांचं दूध बंद करतील आणि मुलांचं जास्त नुकसान होईल. 'घाबरू नका' म्हटलं तर ज्याला भीती वाटत नव्हती तोही घाबरेल. मी असं सांगतो: एका पेल्याने काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं रोज पोटात जात राहिलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लहान मुलांच्या आहारात दूध जास्त, म्हणून त्यांची काळजी जास्त. आमच्याकडे पेंड फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवतात, बुरशी दिसलेलं पोतं जनावराला घालत नाहीत आणि आमच्या दुधाची तपासणी अमुक तारखेला झाली, तिचा निकाल हा. एवढं ऐकल्यावर घाबरून दूध तोडणारं गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिलं आहे. उलट लोक पेंड कुठून आणता तेही विचारायला लागतात, आणि अशा प्रश्नांचा कंटाळा करू नये.

'घाबरू नका'बद्दल थोडं अजून. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुइलेन-बारे सिंड्रोमचे (बरेचदा पोटाच्या संसर्गानंतर होणाऱ्या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा लोकांना सर्वात उपयोगी पडलं ते 'पाणी उकळूनच प्या, चिकन पूर्ण शिजवा' हे. त्यात करण्यासारखं काहीतरी होतं. नुसत्या धीराच्या शब्दांनी हाताला काही लागत नाही.

आता तांदळाची गोष्ट सांगतो, कारण धोका नसताना विश्वास कसा जातो हे तिथे फार स्पष्ट दिसतं. रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ द्यायची घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ ला केली. साध्या शंभर किलो तांदळात एक किलो वेगळे दाणे मिसळतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. ते जरा पिवळसर दिसतात आणि बरेचदा पाण्यावर तरंगतात. माझ्या चुलत वहिनींनी सुपात तांदूळ निवडताना असे मूठभर दाणे बाजूला काढले होते. मी गेल्यावर वाटीत पाणी घेऊन त्यात टाकून दाखवले, म्हणाल्या, "बघा भावोजी, सरळ सरळ प्लास्टिक!" त्यांनी दुकानदाराला विचारलं होतं. "वरूनच तसा येतो" एवढंच उत्तर मिळालं. पोत्यावर छापील मजकूर होता, पण पोतं दुकानात राहतं आणि बायका तांदूळ घरच्या पिशवीत आणतात. ज्यांच्या अंगात रक्त कमी म्हणून ही योजना आली, त्याच बायका ते दाणे निवडून कोंबड्यांना घालत होत्या.

मी भाषण दिलं नाही. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची बाटली आणली आणि एका दाण्यावर थेंब टाकला. दाणा निळा-काळा झाला. शेजारी पांढऱ्या तांदळाच्या दाण्यावर टाकला, तोही तसाच झाला. मग बरणीच्या प्लास्टिकच्या झाकणावर टाकला, तिथे नुसता तपकिरी डाग. उरलेले दाणे त्यांनी स्वतः शिजवले आणि बोटांत चिरडून पाहिले, तेव्हा पीठ झालं. नंतर शेजारच्या दोघींना त्यांनीच ते करून दाखवलं. पहिल्या महिन्यात प्रत्येक रेशन दुकानाच्या काउंटरवर एक वाटी आणि आयोडीनची बाटली ठेवली असती तर प्लास्टिकची अफवा उभी राहायच्या आतच बसली असती असं मला ठाम वाटतं. लोकांना जे डोळ्यांनी दिसणार आहे, ते त्यांना दिसायच्या आधी सांगितलं पाहिजे. नंतर सांगितलं की तो खुलासा होतो आणि खुलाशावर लोकांचा संशय असतोच.

घाई मात्र घातक ठरते. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत ई. कोलाय या पोटाच्या जंतूची मोठी साथ आली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनहून आलेल्या काकड्यांकडे बोट दाखवलं. त्या काकड्यांवर जंतू होते, पण साथीचे नव्हते. स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडला. जूनमध्ये खरं कारण सापडलं: एका शेतावर मोड आणलेली मेथी, जिचं बी इजिप्तहून आलं होतं. तोवर हजारो आजारी होते, साथीत एकूण पन्नासहून जास्त माणसं दगावली आणि भाजी पिकवणाऱ्यांच्या नुकसानभरपाईसाठी युरोपीय संघाला २१ कोटी युरो ठेवावे लागले. संशय आहे तर 'संशय आहे' म्हणावं, तपास कुठवर आला ते सांगावं आणि पुढची माहिती कधी देणार तेही सांगावं. लोकांना अनिश्चितता समजते. आज काकडी, उद्या टोमॅटो, परवा मोड असं झालं की मात्र चौथ्या वेळी ते ऐकत नाहीत.

गेलेला विश्वास परत मिळतो का, याचं मला माहीत असलेलं सर्वात चांगलं उदाहरण जपानमधल्या फुकुशिमाचं आहे. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर तिथला तांदूळ कोण घेणार? प्रांताने २०१२ च्या पिकापासून नमुने काढायचं सोडून प्रत्येक पोतं किरणोत्सारासाठी तपासायला सुरुवात केली. तीस-तीस किलोची पोती पट्ट्यावरून यंत्रातून जायची, वर्षाला साधारण एक कोटी. मर्यादा किलोला १०० बेकेरेल (हे किरणोत्सार मोजायचं एकक). पास झालेल्या पोत्यावर स्टिकर लागायचं आणि त्याचा क्रमांक टाकून कुणालाही निकाल पाहता यायचा. सुरुवातीला काही पोती नापास झाली, तेही जाहीर झालं. २०१५ च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेबाहेर गेलं नाही, तरी त्यांनी लगेच तपासणी सोडली नाही. २०२० च्या पिकापासून बहुतेक भागांत पुन्हा नमुना पद्धत आली. इतकी वर्षं हा खर्च सोसला, कारण 'आता सुरक्षित आहे' हे कुणी नुसतं म्हणून चाललं नसतं. नापास पोत्यांचे आकडे जाहीर झाले म्हणूनच पास पोत्यांच्या आकड्यांना वजन आलं.

तुमच्याकडे कोटभर पोती नाहीत, एक फळा आहे. त्यावर रोज सकाळच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ लिहा. एखाद्या दिवशी एसएनएफ ८.५ टक्क्यांच्या ऐवजी ८.२ भरलं तर तेही लिहा आणि कारण लिहा. पेंडीचा आणि दुधाचा नमुना पावसाळ्यात तरी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिनसाठी पाठवा. खर्च येतो, पण तुटलेल्या रतीबापेक्षा कमी. निकालाची प्रत तारखेसकट लावा, फक्त चांगल्या निकालाची नव्हे. दगडी (कासेचा दाह) झालेल्या गाईला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं असेल तर औषधावर लिहिलेले दिवस तिचं दूध वेगळं काढता हे गिऱ्हाइकांना सांगा. हे बहुतेकांनी कधी ऐकलेलंच नसतं आणि ऐकल्यावर त्यांचा तुमच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो.

घरी करायच्या चाचण्याही शिकवा. गुळगुळीत तिरक्या पृष्ठभागावर थेंब सोडला की चांगलं दूध हळू उतरतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं, पाणी घातलेलं झरकन निघून जातं. तेवढंच पाणी घालून जोरात हलवलं आणि दाट फेस टिकून राहिला तर डिटर्जंटची शंका घ्यावी. उकळून थंड केलेल्या दुधात आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकून निळं झालं तर पिठूळ काहीतरी घातलंय. पण त्याच वेळी हेही स्पष्ट सांगा की अफ्लाटॉक्सिन आणि औषधांचे अंश या चाचण्यांत कळत नाहीत. चाचणीची मर्यादा लपवली तर उद्या कुणीतरी तीच दाखवून तुम्हाला खोटं ठरवेल.

तक्रार घेऊन कुणी आलं तर पहिलं वाक्य 'आमच्याकडून असं होणंच शक्य नाही' हे नको. दूध उरलं असेल तर फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, त्या वेळच्या संकलनाची नोंद काढा, उत्तर कोणत्या दिवशी देणार ते सांगा आणि त्या दिवशी काही कळलं नसलं तरी फोन करा. चूक निघाली तर त्या दिवशी दूध घेतलेल्या प्रत्येक घराला तुम्हीच कळवा, त्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आत. तुमचा एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आणि एफडीएच्या (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या) जिल्हा कार्यालयाचा फोन नंबर त्याच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.